बिनमिठाची बरणी

ट्रॉय, मिशिगन
११ जानेवारी १९८७

एकनाथ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कोनाड्यात टाकलं असशील, तर पुढचं सगळं मी माझ्याशीच बोललो असं समजेन. तशी सवय आहे आता. उघडलं असशील तर आधी एवढंच, की काही मागायला लिहीत नाही.

पत्ता कसा मिळाला ते सांगतो. काल ॲन आर्बरला मंडळाची संक्रांत झाली. खरी संक्रांत बुधवारी, पण इथे सगळे सण शनिवारी येतात. शैलेंद्र आणि वीणा मला घेऊन गेले. (शैलेंद्र म्हणजे माझा मुलगा, वीणा सून. तू त्याला पाहिलेला नाहीस. तू गेल्यावर त्याच्या आईबरोबर, मीनाक्षीबरोबर, बोटीने आला, तेव्हा सहा वर्षांचा होता.) कुणीतरी गुळाच्या वड्या केल्या होत्या, दाण्याचं कूट घालून. मी एक तोंडात टाकली आणि सवयीने बोलून गेलो, "दाणा दोन मिनिटं जास्त राहिलाय कढईत." शेजारी एक विद्यार्थी बसला होता, दिगंबर नावाचा, शिरपूरचा. तो हसायला लागला. म्हणाला, "काका, सेम टु सेम आमच्या गल्लीतल्या घाणीवाल्यांसारखं बोललात. ते तर डोळे मिटून दाणा चावतात आणि काळ्या मातीतला की नदीकाठचा ते सांगतात."

मी नाव विचारलं. विचारायच्या आधीच मला ठाऊक होतं.

म्हणजे तू गावीच आहेस, तेलघाणा चालवतोस, आणि पोरं तुला एकनाथ काका म्हणतात. बरं वाटलं. पंचवीस वर्षांत तुझ्याविषयी मला कळलेली ही पहिली गोष्ट.

लिहायचं निमित्त असं आहे. आपल्या विंडल कंपनीला यंदा चाळीस वर्षं होतात. त्या निमित्ताने ते पीनट बटरच्या त्या बरणीचा इतिहास छापणार आहेत. कच्चा मजकूर मला पाठवलाय, जुना माणूस म्हणून तपासायला. काही तारखा मला पक्क्या आठवत नाहीत. तुला आठवतील. तुझी आठवण माझ्यापेक्षा नेहमीच चोख होती, कवितेचा तास सोडून.

पुरुषोत्तम

ट्रॉय
९ फेब्रुवारी १९८७

एकनाथ,

उत्तर आलं नाही. टपालाला दोन आठवडे लागतात जायला, दोन यायला, तेव्हा मी अजून वाट बघतोय असं म्हणणंही घाईचं होईल.

इथे सकाळी साडेसातला शैलेंद्र मोटारींच्या कंपनीत जातो, आठला वीणा, सव्वाआठला नातीची, पद्मिनीची, शाळेची पिवळी बस. मग घरात मी आणि भट्टी. घर तापवणारी ही तळघरातली भट्टी दर वीस मिनिटांनी सुरू होते, जरा घोरते, बंद पडते. बाहेर बर्फ. रस्त्यावर माणूस दिसत नाही, फक्त मोटारी, आणि त्यांच्या काचाही बंद. मी खिडकीशी बसून बोटांवर मात्रा मोजत असतो. जगन्नाथ मास्तरांनी लावलेली खोड. परवा दोन ओळी झाल्या:

इथे बर्फ दारी, तिथे ऊन दारी
कुणी ना विचारी, कुणी ना पुकारी

भुजंगप्रयात बिनचूक आहे. मास्तर असते तर पट्टी टेबलावर आपटून म्हणाले असते, "पुरुषोत्तमा, वृत्त चालतंय, तू मात्र रडतोयस."

असो. इतिहासाकडे येतो. मजकूर गुळगुळीत कागदावर आहे, अठ्ठावीस पानं. सुरुवात थोरल्या विंडलपासून. लढाईच्या काळात लँकेशायरमध्ये अमेरिकन सैनिकांची छावणी पडली होती. त्यांच्या डब्यांतलं दाण्याचं लोणी या मिठाईवाल्याने चाखलं आणि ठरवलं की हे आपण करायचं. १९४७ साली मिल लेनवर पहिली बरणी भरली. आपलं स्वातंत्र्य आणि विंडलची बरणी एका वयाची. लोक म्हणायचे, शेंगदाणे माकडांना घालतात. मग थोरल्याने बरणीवर एक पाखरू काढलं आणि शाळांमधून फुकट वाटली. मुलांनी घरी जाऊन हट्ट केला. पहिलं झाकण लाल, ते मऊ लोण्याचं. पिवळं झाकण भरडीचं. पिवळं कुणाच्या डोक्यातून निघालं ते मजकुरात नाही. तुला आठवतं ना, तू कँटीनमध्ये सांगत होतास, "आमच्याकडे कूट असं गुळगुळीत केलं तर सासू सुनेला माहेरी पाठवते," आणि धाकटे विंडल मागे उभे राहून ऐकत होते.

तुझ्या येण्याचाही उल्लेख नाही. तुला मुंबईच्या गोदामातून विंडलच्या खरेदीदाराने उचललं, जिभेसाठी. वर्षाने तू माझं नाव सुचवलंस. "माझा शाळासोबती आहे, कविता करतो, पण हिशेबी कारकुनी जमेल त्याला." हे वाक्य तूच मला नंतर सांगितलं होतंस, हसत.

पद्मिनी शाळेतून आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही.

"आबा, इज इट अ सॅड लेटर?"

"नाही गं. पीनट बटरचं आहे."

"देन व्हाय आर यू मेकिंग दॅट फेस?"

मी म्हटलं, चष्मा नवा आहे. तिने फ्रिज उघडला, ब्रेडवर अमेरिकन लोणी थापलं, वर द्राक्षाचा जॅम. मला एक घास दिला. साखर फार. मी घास गिळला. या घरात माझ्या जिभेला कुणी काही विचारत नाही.

पान चौदाविषयी पुढच्या पत्रात लिहीन. आज बोटं गारठली आहेत.

पुरू

ट्रॉय
१५ मार्च १९८७

एकनाथ,

बोटं गारठली नव्हती. घर इथे उन्हाळ्यासारखं उबदार असतं.

पान चौदावर माझा फोटो आहे. पांढरा डगला, हातात चमचा, तोंडावर शहाणपण. खाली लिहिलंय (मी मराठी करतो): "१९६२ साली धाकट्या विंडलसाहेबांनी काळाच्या पुढे पाहून निळ्या झाकणाची बिनमिठाची बरणी बाजारात आणली. तिची चव राखण्याचं काम भारतातून आलेल्या एका गृहस्थांच्या जिभेकडे होतं. कारखान्यात म्हणत, त्यांची जीभ कधी चुकली नाही."

एकोणीस वर्षं मी त्या चमच्यावर काढली. ही बरणी पुढे दुकानादुकानांतून गेली, दवाखान्यांत गेली. मीनाक्षी शेवटी आजारी होती तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद केलं, आणि ती बिचारी तेच निळं झाकण उघडून खायची. म्हणायची, "तुमच्या एकनाथांना यातलं काहीच मिळालं नाही ना?" ती तुला कधी भेटली नव्हती. मी तिला अर्धंच सांगितलं होतं. तरी तिने तेवढ्यावरून उरलेलं ओळखलं असावं. बायका ओळखतात.

तुला ठाऊक असलेलंच आता लिहितो. कारण मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि एकदा ओळीने मांडून बघायचं आहे.

चाखणारा तू होतास. लोणी दळून टाकीत आलं की प्रत्येक टाकीतलं चमचाभर तू जिभेवर ठेवायचास आणि कार्डावर सही करायचास. तुझ्या सहीशिवाय बरणी भरत नसत. आणि तू महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरायचास. दाणे उपासाला चालतात, गूळ चालतो, पण मीठ फक्त सैंधव. विंडलचं मीठ समुद्राचं, ते नाही. "आईला वचन दिलंय," म्हणायचास. इंग्रजांना हे कसं समजावणार? साहेब म्हणाला असता, दाण्याचा उपास आणि दाण्याच्याच कारखान्यात मीठ चालत नाही, म्हणजे काय?

म्हणून आपण दोघांनी ठरवलं. एकादशीला चमचा माझा, सही तुझी. मी चाखून "ठीक" म्हणायचं, तू सही करायचीस. पाच वर्षं सुरळीत चाललं. कुणाला कळलं नाही. नियमात बसणारं नव्हतं, पण लोणी उत्तम निघायचं आणि तुझी एकादशीही मोडायची नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा. मित्राचं व्रत मी जिभेवर वाहतोय, असलं काहीतरी.

आज इथेच थांबतो. वीणा आली. तिला वाटतं मी आत्मचरित्र लिहितोय. "बाबा, कॉपी मशीनवर झेरॉक्स करून ठेवा हं, हरवायला नको," म्हणते.

पुरू

ट्रॉय
५ एप्रिल १९८७

एकनाथ,

बर्फ वितळलं. त्याच्याखाली मागच्या वर्षीचं गवत तसंच पिवळं पडून आहे.

१३ जुलै १९६२. शुक्रवार होता, आणि तेरा तारीख. पट्ट्यावर दाणे निवडणाऱ्या बायका सकाळपासून कुजबुजत होत्या की आज काहीतरी बिघडणार. आपल्याला त्याचं हसू आलं होतं. आपल्या लेखी तो दिवस सगळ्यांत चांगला, आषाढी.

आठवडाभर पाऊस होता. मिठाच्या पेटीत मीठ ओलीने घट्ट बसलं आणि खाली पडेनासं झालं. वरून पेटी भरलेली दिसत होती, म्हणून गिरणीवरच्या कुणाला कळलं नाही. ते कळायची एकच जागा होती, माझी जीभ.

मी चाखायच्या खोलीत होतो. टेबलावर बशीत लोणी होतं. हातात चमचा होता. आणि डोक्यात शाळेच्या अंकासाठी पाठवायची कविता होती. मंदाक्रांता. दोन ओळी जमल्या होत्या, तिसरी अडली होती. सतरा अक्षरं, त्यातली शेवटची चार काही केल्या बसत नव्हती.

तू दारातून विचारलंस, "पुरू, पहिली टाकी?"

मी म्हटलं, "ठीक."

तासाभराने परत आलास. "दुसरी?"

"ठीक."

अशा सहा टाक्या. सहाही वेळा मी चमचा जिभेला लावला नाही. हे पहिल्यांदा लिहितोय. मी तेव्हा आजारी नव्हतो, कामाच्या गर्दीत नव्हतो, कुणी मला बोलावलं नव्हतं. मी शब्द शोधत होतो.

पुढच्या बुधवारी दुकानांतून बरण्या परत आल्या. साहेबाने, म्हणजे धाकट्या विंडलने, आपल्या दोघांना ऑफिसात बोलावलं. ते हिरवं कार्पेट, ती भिंतीवरची पाखराची जाहिरात. साहेबाने कार्ड पुढे केलं. तू म्हणालास, "सही माझी आहे."

"चाखलं होतंत?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. कवितेच्या तासाला पुढचा शब्द विसरलास की पाहायचास तसा. मी सांगेन म्हणून.

मी खिडकीबाहेर बघितलं.

मग साहेब माझ्याकडे वळला. पट्ट्यावरच्या कुणीतरी त्याला सांगितलं असावं. "यांनी कधी आपल्या जागी तुम्हाला चाखायला सांगितलंय?"

मी म्हटलं, "नो, सर."

दोन शब्द. इतक्या वर्षांत इतकं लिहिलं, इतकं पाठ केलं, पण माझ्या तोंडातून निघालेलं आणि खरोखर काही घडवून आणणारं तेवढंच. मीनाक्षी आणि शैलेंद्रची बोटीची तिकिटं दोन ऑगस्टची होती. नोकरी गेली तर ती दोघं येऊन राहणार कुठे, असं मी स्वतःला सांगितलं. पुष्कळ वर्षं सांगत राहिलो. ते खोटं नव्हतं. पण साहेबाने विचारलं तेव्हा माझ्या मनात मीनाक्षी नव्हतीच. नुसती भीती होती, लहान मुलाला वाटते तशी.

तू मला काहीच बोलला नाहीस. शनिवारी ट्रंक घेऊन निघालास. मी स्टेशनवर आलो नाही. सोमवारी मी तुझ्या खोलीत, तुझ्या टेबलाशी, चाखणारा म्हणून उभा होतो.

आणि पुढचं तुला माहीत नसेल. परत आलेल्या बरण्यांबरोबर एक पत्रही आलं होतं. एका वृद्धाश्रमाच्या मेट्रनचं. तिने लिहिलं होतं, आमच्याकडच्या हृदयविकाराच्या म्हाताऱ्यांना ही बरणी चालते, अशाच आणखी पाठवा. धाकट्या विंडलने ते पत्र दोनदा वाचलं. वर्षाअखेरीला निळं झाकण निघालं. ती दूरदृष्टी नव्हती, एकनाथ. ती तुझी एकादशी आणि माझी तिसरी ओळ होती.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं की काही मागत नाही. मागतोय. मला पान चौदा दुरुस्त करायचं आहे. खरं काय झालं ते लिहायचं आहे, तुझ्या नावासकट: चाखणारा एकनाथ होता, पिवळ्या झाकणाची कल्पना त्याची, आणि त्याला काढलं ते माझ्या चुकीसाठी. पण दिगंबर सांगत होता की गावात सगळ्यांना वाटतं, एकनाथ काकांना विलायतेची हवा मानवली नाही म्हणून ते परत आले. म्हणजे तू घरी तसंच सांगितलं असणार. माझ्या खऱ्यामुळे तुझं खोटं उघडं पडेल. म्हणून विचारतो. मजकूर पंधरा मेपर्यंत परत पाठवायचा आहे. हो किंवा नाही, एक शब्द पुरे. कार्डावर लिहिलास तरी चालेल.

पुरू

ट्रॉय
१७ मे १९८७

एकनाथ,

रोज अकराला टपालवाला येतो. आताशा तो मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो, म्हणजे मला फाटकापर्यंत चालायचे कष्ट नकोत. भला माणूस आहे.

पंधरा तारीख गेली. तेरा तारखेपर्यंत मी वाट पाहिली. मग जेवताना शैलेंद्रला सगळं सांगितलं. पहिल्यांदा. तो भात कालवता कालवता थांबला.

"बाबा, हे ट्वेंटी फाइव्ह इयर्स आधीचं आहे. कोण वाचतं असली कंपनी बुकलेट्स? लॉबीत ठेवतात, यार, कॉफीच्या बाजूला."

"तो वाचेल."

"त्यांनी रिप्लाय तरी केलाय का?"

"नाही."

"मग दॅट इज अ रिप्लाय, बाबा."

वीणा म्हणाली, "शैलू, राहू दे ना." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही परमिशन मागताय ती त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?"

ती पोरगी हिशेब तपासणीच्या खात्यात आहे. तिला बरोबर जागा सापडते. मी उठून खोलीत आलो.

ती म्हणते ते खरं आहे. तुझ्या होकाराची वाट पाहणं म्हणजे पुन्हा तुझ्या सहीच्या मागे उभं राहणं. तू हो म्हणालास तर खरं सांगण्याचं धाडस तुझं. नाही म्हणालास तर माझी सुटका, तीही तुझ्या नावावर. सहा टाक्यांचं झालं तसंच हे सातव्या टाकीचं झालं असतं.

म्हणून चौदा तारखेला लिहिलं. तुझं नाव घातलं नाही. ते माझं नाही, मी कसं देणार? एवढंच लिहिलं की माझ्या जिभेविषयी जे छापलंय ते खोटं आहे. १३ जुलै १९६२ ला मी सहा टाक्या न चाखता पास केल्या, आणि विचारल्यावर मालकांशी खोटं बोललो. त्यापायी एका निर्दोष, माझ्याहून कितीतरी चांगल्या चाखणाऱ्याची नोकरी गेली. बिनमिठाची बरणी त्या दिवशी जन्मली. पान त्याप्रमाणे सुधारावं. खाली पूर्ण नाव, सही. टपालवाल्याने पत्र न्यावं म्हणून टपालपेटीचं लाल निशाण वर करून परत आलो, मग ते वरच आहे ना हे पुन्हा जाऊन बघून आलो. सत्तरीच्या माणसाला शोभणारं नव्हतं.

पद्मिनीने विचारलं, "डिड यू फिनिश युअर पीनट बटर लेटर?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "गुड जॉब, आबा," आणि सायकल घेऊन गेली. इथे सगळ्यालाच गुड जॉब म्हणतात, ताट उचलून ठेवलं तरी. तरीसुद्धा मी ते शब्द थोडा वेळ जवळ ठेवले.

पुरू

ट्रॉय
२१ जून १९८७

एकनाथ,

कंपनीचं उत्तर आलं, आणि त्याबरोबर छापलेलं पुस्तकच. पुस्तकाचं काम पाहणाऱ्या बाईंचं पत्र अत्यंत सभ्य आहे. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना आदर वाटतो. परंतु पुस्तक आनंदाच्या प्रसंगासाठी आहे आणि इतक्या जुन्या प्रकरणाची शहानिशा आता करता येणार नाही. धाकटे विंडलही हयात नाहीत. माझ्या इच्छेचा मान राखून त्यांनी चुकीचा मजकूर काढून टाकला आहे.

पान चौदावर आता बरण्या भरण्याच्या नव्या यंत्राचा फोटो आहे. मिनिटाला किती बरण्या, ते खाली लिहिलंय. बिनमिठाची बरणी "ग्राहकांच्या मागणीवरून" निघाली, एवढी एक ओळ. मिल लेनचा कारखाना दोन वर्षांपूर्वी पाडला, त्याचीही एक ओळ. बाकी पाखरू आहे, तीन झाकणं आहेत, थोरल्या विंडलचा कुत्रासुद्धा आहे.

म्हणजे आता त्या चाळीस वर्षांत तू नाहीस आणि मीही नाही. वाचून आधी मला अपमान वाटला, हे कबूल करतो. चोवीस वर्षं नोकरी केली त्या जागी. तासभर रागावून बसलो होतो. मग पान पुन्हा उघडलं आणि त्या यंत्राकडे बघत राहिलो. राग कुणावर धरायचा ते कळेना. यंत्र स्वच्छ होतं.

मला खरं छापून हवं होतं. मिळालं ते फक्त खोटं नसणं. एवढंच हाती लागलं, ते तुला कळवतो.

शैलेंद्रने पुस्तक चाळलं. म्हणाला, "बाबा, यू आर नॉट इन इट." मी म्हटलं, हो. त्याने पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, "त्या काकांचं नाव काय म्हणालात?" मी सांगितलं. त्याने एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. इंग्रजी वळणाने, 'ठ' जास्त आणि 'थ' कमी, पण म्हटलं.

आता पत्र लिहायला कारण उरलेलं नाही. कारणाशिवाय लिहिलं तर चालेल का, ते विचारायचीही आता भीती वाटते, कारण न येणारं उत्तर मला पाठ झालंय.

पुरू

ट्रॉय
१२ जुलै १९८७

एकनाथ,

तुझं पत्र काल आलं. टपालवाल्याने या वेळी मान आडवी न हलवता हात वर केला. निळं हवाईपत्र नव्हे, चांगलं जाड पाकीट, आणि त्यावर तेलाचा डाग. मी ते वास घेऊन मगच उघडलं. शेंगदाण्याचं तेल, घाणीचं, ताजं. दाणा नदीकाठचा असावा. चुकलो असेन तर कळव.

तू लिहिलंस, पत्रं सगळी पोचली, उशीर मुद्दाम केला. ते मी समजू शकतो. तू लिहिलंस, नाव छापू नको, कारण शैलावहिनींना तू हवा मानवली नाही असं सांगितलं होतंस आणि त्या तेच खरं धरून गेल्या. आता त्यांच्यामागे त्यांना खोट्यात पाडायचं नाही. नाव छापलं नाही, एकनाथ. पुस्तकात त्याची सावलीही नाही. निर्धास्त राहा.

पण पुढचं मी चार वेळा वाचलं. तू लिहिलंस:

"पुरू, चमचा कोरडा होता ते मला तेव्हाच दिसलं होतं. पहिल्या टाकीलाच. तुझे ओठ हलत होते. शाळेत असे हलायचे तेव्हा मास्तरसुद्धा तुला हाक मारत नसत. मीही मारली नाही. मीठ रोज पडतं, आजही पडलं असेल, असं म्हणून सही केली. तेव्हा सही माझी होती, ती माझीच राहू दे. त्याबद्दल तुझ्यावर माझा राग नव्हता. राग होता तो खिडकीचा. पंचवीस वर्षं तोच होता, आणि पूर्ण गेलाय असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण आता एवढं वय झालं, एक विचारून घेतो. ती ओळ शेवटी जमली का?"

काल दुपारपासून मी त्याच प्रश्नापुढे बसलो आहे.

चौथीपासून मॅट्रिकपर्यंतच्या सगळ्या कविता मला येतात. कुठल्या पानावर कुठलं चित्र होतं तेही सांगेन. मीनाक्षी गेली त्या आठवड्यात मी रोज एक म्हणून झोपत होतो. पण त्या शुक्रवारच्या कवितेतलं मला काही आठवत नाही. विषय काय होता तेसुद्धा नाही. नदी असेल, गाव असेल, परदेशातल्या माणसाला दुसरं काय सुचतं? तिच्या पहिल्या दोन ओळीही गेल्या. त्या बुधवारनंतर मी तो कागद पुन्हा उघडला नाही, आणि शाळेच्या अंकात माझं काही छापलं गेलं नाही.

सकाळी मी एक लबाडी करून पाहिली. मंदाक्रांतेत एक ओळ रचली. सतरा अक्षरं, शेवटची चार घट्ट बसलेली, हात फिरवला तर कुठे टोचणार नाही अशी. तुला पाठवली असती तर तू म्हणाला असतास, चला, निदान ओळ तरी चांगली होती, एवढ्यासाठी गेलं ते बरं गेलं. आणि मी घडवलेली आहे हे तुला कधीच कळलं नसतं. कागद पाकिटातही घातला होता.

मग काढून घेतला. आज तू दारात उभा राहून विचारतोयस, आणि या वेळी मी खरोखर चाखून सांगतोय.

नाही जमली, एकनाथ.

पुरू